वेल्सला येताय? मग इंग्लंडचे व्हिडिओ बघून येऊ नका

युके म्हटलं की आपल्याकडे सगळे लंडनच धरून चालतात, आणि यूट्यूबवर "युकेत पहिला महिना" टाइपचे जे मराठी-हिंदी व्हिडिओ असतात ते बनवणारे बहुतेक जण इंग्लंडात राहतात. त्यामुळे कार्डिफ, स्वान्सी नाहीतर रेक्समला अ‍ॅडमिशन किंवा नोकरी लागलेला माणूस ते बघून तयारी करतो आणि इथे उतरल्यावर त्याला कळतं की भाड्याचा कायदा वेगळा आहे, औषधाला पैसे पडत नाहीत, पोरांना शाळेत एक भाषा जास्त आहे आणि गाडी चालवायची तर स्पीड लिमिटसुद्धा वेगळं. व्हिसा, पोलीस, बराचसा टॅक्स हे लंडनहून चालतं. आरोग्य, शिक्षण, घरभाडं, रस्ते, कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा) हे कार्डिफमधल्या सेनेदच्या, म्हणजे इथल्या विधिमंडळाच्या हातात. म्हणून कुठलाही नियम कानावर आला की आधी विचारायचं, हा इंग्लंडचा की वेल्सचा? तेवढं केलं तरी निम्मा गोंधळ कमी होतो.

पायरी १: निघायच्या आधी

स्टुडंट व्हिसासाठी लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पाउंड दाखवावे लागतात (नोव्हेंबर २०२५ पासूनचा आकडा), जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे, म्हणजे १०,५३९ पाउंड, आणि ते सलग २८ दिवस खात्यात पडून पाहिजेत, मधे एक दिवस जरी खाली गेले तरी वांधा. फीचे उरलेले पैसे ह्याच्या वेगळे. हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा (एनएचएस) वापरायचे पैसे, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ आणि मोठ्यांच्या वर्क व्हिसाला १,०३५ पाउंड, तो अर्जाबरोबरच एकरकमी जातो, तीन वर्षांचा असेल तर तीन वर्षांचा एकदम, त्यामुळे बायको-नवरा-मुलं सोबत आणणार असाल तर आधी कॅल्क्युलेटर घेऊन बसा. आणि हो, शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी दीड वर्षाचा मिळणार आहे (पीएचडीवाल्यांचं वेगळं), ते धरूनच कर्जाचं गणित मांडा, एजंट हे सांगेलच असं नाही.

भारतातून कार्डिफला थेट विमान नाही. हिथ्रोला उतरायचं आणि तिथूनच थेट कोच पकडायची, तीन-साडेतीन तासांत कार्डिफ. दोन मोठ्या बॅगा आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन लंडनच्या ट्यूबमधून पॅडिंग्टनला जाऊन ट्रेन पकडायचा शहाणपणा करू नका, आणि त्याच दिवशी काढलेलं ट्रेनचं तिकीट महागही पडतं.

कपड्यांचं एकच सांगतो, छत्री नाही, टोपीवाला चांगला रेनकोट. कार्डिफला वर्षाला साधारण ११५० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या निम्माच, पण मुंबईचा चार महिन्यांत उरकतो आणि हा बारा महिने पुरवून पुरवून पडतो, वर आडवा वारा, त्यात छत्री उलटी होते. डिसेंबरात दुपारी चारला अंधार आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड. पहिल्या हिवाळ्यात उगाच उदास वाटलं तर ते ह्या अंधाराने असू शकतं, व्हिटॅमिन डी घ्या आणि ऊन दिसलं की बाहेर पडा.

पायरी २: घर, आणि इथे जरा थांबून वाचा

सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त फसवणूक इथेच, आणि वेल्सचा कायदा सगळ्यात वेगळाही इथेच.

वेल्समध्ये १ डिसेंबर २०२२ पासून घरभाड्याचा नवा कायदा आहे. भाडेकरूला इथे टेनंट नाही तर कॉन्ट्रॅक्ट होल्डर म्हणतात आणि अ‍ॅग्रीमेंटला ऑक्युपेशन कॉन्ट्रॅक्ट. राहायला आल्यापासून १४ दिवसांत घरमालकाने लेखी कॉन्ट्रॅक्ट द्यायलाच लागतं. तुमची काही चूक नसताना घर खाली करायला सांगायचं असेल तर सहा महिन्यांची नोटीस, आणि ती नोटीस पहिल्या सहा महिन्यांत देताच येत नाही, म्हणजे भाडं वेळेवर भरताय तोवर पहिलं एक वर्ष तुम्ही सुरक्षित (भाडं थकवलं तर मात्र ही ढाल नाही). भाडं वाढवायचं तर दोन महिने आधी लेखी सांगावं लागतं आणि वर्षात एकदाच. युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलला किंवा घरमालकाच्याच घरात खोली घेऊन राहणाऱ्याला हे जसंच्या तसं लागू होत नाही, ते आधी विचारून घ्या.

घर बघायच्या आधी एक काम करा. रेंट स्मार्ट वेल्स नावाची सरकारी नोंदणी आहे, घर भाड्याने देणाऱ्या मालकाला तिथे रजिस्टर व्हावंच लागतं आणि स्वतः किंवा एजंटमार्फत कारभार बघायला लायसन्स लागतं. त्यांच्या साइटवर पत्ता टाकला की घर नोंदलेलं आहे का ते फुकटात दिसतं. नसेल तर पुढे बोलायचंच नाही. फेसबुक ग्रुपवर "मालक परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरियरने येईल" हा प्रकार अजून चालतो आणि दर सप्टेंबरला कोणीतरी नवा त्यात सापडतोच. घर स्वतः किंवा ओळखीच्या कोणी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय एक पेनीसुद्धा पाठवू नका.

एजंटची फी हा प्रकार वेल्समध्ये सप्टेंबर २०१९ पासून बंद आहे. कागदपत्रांची फी, चेक-इन फी, रेफरन्स फी, ह्यातलं काहीही मागितलं तर द्यायचं नाही. घर होल्ड करायला घेतलेली रक्कम एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी. मुख्य डिपॉझिटला मात्र इंग्लंडसारखी कमाल मर्यादा इथे नाही, पण ते ३० दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये ठेवावं लागतं, तो सर्टिफिकेट नंबर मागून घ्या. इंग्लंडात मालकाला भाडेकरूचा व्हिसा तपासावाच लागतो, तो राइट टू रेंट कायदा वेल्सला लागू नाही. तरी काही एजंट सवयीने विचारतात, दाखवायला हरकत नाही. खरी अडचण गॅरंटरची, युकेत राहणारा जामीनदार आणा नाहीतर काही महिन्यांचं भाडं आगाऊ द्या म्हणतात, त्यामुळे पहिल्या घरासाठी हाताशी जास्त पैसे ठेवा.

कुठे राहायचं? कार्डिफला विद्यार्थी बहुतेक कटेझ आणि रोथमध्ये, सिटी रोड आणि आल्बनी रोडवर देशी किराणा, हलाल मटण, ढाबे सगळं मिळतं. ग्रेंजटाउनमध्ये आपली वस्ती बरीच, स्वामीनारायण मंदिरही तिथेच. नोकरीवाले जरा स्वस्त आणि मोठं घर पाहिजे म्हणून कार्फिली, पॉन्टीप्रीद, बॅरीकडे सरकतात, ट्रेनने अर्ध्या-पाऊण तासात शहरात येता येतं. कटेझमधली व्हिक्टोरियन काळातली लांबट घरं बाहेरून गोड दिसतात पण आत ओल असते, भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटाच्या मागे, खिडकीच्या चौकटीला काळी बुरशी आहे का ते बघा, ताजा पेंट मारलेला असेल तर अजून नीट बघा. राहायला गेल्यावर पहिल्याच दिवशी सगळ्या घराचा व्हिडिओ काढून एजंटला मेल करून टाका, डिपॉझिट परत घेताना तोच कामाला येतो.

पायरी ३: पहिले पंधरा दिवस

ई-व्हिसाचं अकाउंट उघडून शेअर कोड (घरमालकाला, कंपनीला व्हिसा दाखवायचा ऑनलाइन कोड) काढता येतोय का बघा, आता प्लास्टिकचं कार्ड नाही, सगळं ऑनलाइन. सिम घ्या, दहा पाउंडांत महिनाभर भरपूर डेटा येतो. बँक अकाउंट अ‍ॅपवाल्या बँकेत लवकर उघडतं, मोठ्या बँकांना पत्त्याचा पुरावा लागतो. नोकरी करायची तर नॅशनल इन्शुरन्स नंबरचा (पगार-टॅक्सच्या नोंदीचा तुमचा नंबर) अर्ज करा, नंबर येईपर्यंतही काम करता येतं. पगाराच्या स्लिपवर टॅक्स कोडच्या सुरुवातीला सी दिसला तर घाबरू नका, तुम्ही वेल्सचे रहिवासी एवढाच त्याचा अर्थ, रेट सध्या इंग्लंडएवढेच आहेत.

मग जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. आजारी पडायची वाट बघू नका, पत्ता मिळाला की लगेच नाव नोंदवा. वेल्समध्ये २००७ पासून प्रिस्क्रिप्शन फुकट आहे, सगळ्यांना, इंग्लंडात त्याच औषधाला दर आयटमला ९.९० पाउंड. बीपीच्या गोळ्या चालू असतील त्यांना हा फरक वर्षाकाठी चांगलाच जाणवतो. किरकोळ दुखण्याला, घसा, अ‍ॅसिडिटी, डोळे येणं वगैरे, जीपीच्या आधी फार्मसीत जा आणि कॉमन एलमेंट्स सर्व्हिस मागा, तिथेही सल्ला आणि औषध फुकट. हॉस्पिटलचं पार्किंगही फुकट.

आता दुसरी बाजू. अपॉइंटमेंटसाठी सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावून रांगेत थांबायचं, ऑपरेशनच्या वेटिंग लिस्ट इंग्लंडपेक्षा लांब, आणि एनएचएसचा दाताचा डॉक्टर मिळणं म्हणजे नशीब. दाताची सगळी कामं पुण्या-मुंबईला उरकून या, हे सिरियसली घ्या. तातडीचं पण जिवावरचं नसेल तर १११, जिवावरचं असेल तर ९९९.

कौन्सिल टॅक्स: सगळे फुल टाइम विद्यार्थी असतील तर माफ, पण तो आपोआप होत नाही, युनिव्हर्सिटीचं लेटर कौन्सिलला पाठवावं लागतं. घरात एकच मोठं माणूस राहत असेल तर २५ टक्के सूट, ती व्हिसावाल्यांनाही चालते. कौन्सिल टॅक्स रिडक्शन ही मात्र वेगळी गोष्ट, ती सरकारी मदतीत मोडते आणि व्हिसावर "नो पब्लिक फंड्स" असेल तर घ्यायची नाही, नावं सारखी आहेत म्हणून गडबड होते.

आणि कचरा. हसू नका. वेल्स रिसायकलिंगमध्ये जगात पहिल्या काही देशांत आहे आणि ते लोकांना वर्गवारी करायला लावूनच झालंय. खरकटं वेगळ्या छोट्या डब्यात, कागद, काच, प्लास्टिक वेगवेगळं, आणि रिसायकल न होणारा उरलेला कचरा काही ठिकाणी तीन आठवड्यांनी एकदाच उचलतात. कुठल्या पिशवीत काय हे दर कौन्सिलचं वेगळं, पोस्टकोड टाकून कॅलेंडर काढा आणि फ्रिजवर चिकटवा.

खर्च किती येतो

वेल्स स्वस्त आहे हे अर्धंच खरं. घरभाडं लंडनच्या मानाने खूप कमी, पण पगारही कमी. भाड्याची अख्ख्या वेल्सची सरासरी महिन्याला आठशे पाउंडांच्या आसपास, कार्डिफची हजाराच्या बरीच वर, आणि मर्थर टिडव्हिल, एबू वेल वगैरे जुन्या कोळशाच्या खोऱ्यांत अजून स्वस्त, फक्त तिथे नोकऱ्या कमी. शेअरिंगच्या घरात विद्यार्थ्याची खोली कार्डिफला साधारण साडेचारशे ते सहाशे, प्रायव्हेट स्टुडिओ हॉस्टेल ह्याच्या बरंच वर. स्वतः स्वयंपाक केला तर एकट्याचं जेवण दीडशे ते दोनशेत भागतं, आल्डी-लिडलमधून भाजी-दूध आणि तांदूळ-डाळ-मसाले देशी दुकानातून मोठ्या पिशवीने, टेस्कोचं क्लबकार्ड फुकट काढून ठेवा नाहीतर तीच वस्तू महाग पडते. घरी नेताना पिशवी विसरू नका, पिशवीला पैसे लावायचं युकेत सगळ्यात आधी २०११ मध्ये वेल्सनेच चालू केलं.

फॅमिली असेल तर भाड्यावर लाइट-गॅस (नेहमीच्या वापराच्या घराला वर्षाला सतराशे पाउंडांच्या आसपास, नॉर्थ वेल्समध्ये रोजचा स्टँडिंग चार्ज जास्त), पाणी, इंटरनेट आणि बँड डी (घराच्या किमतीनुसार ठरलेला मधला गट) घराचा कौन्सिल टॅक्स वर्षाला दोन हजारांच्या वर. तो बहुतेक दहा हप्त्यांत घेतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये जरा श्वास घेता येतो. कमाईच्या बाजूने, २१ वर्षांवरच्यांना किमान वेतन एप्रिल २०२६ पासून तासाला १२.७१ पाउंड. विद्यार्थ्यांना टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच, कॅशमध्ये जास्त करा म्हणणारा भेटेल, त्याच्या नादी लागू नका, व्हिसा त्याचा नाही तुमचा जाईल.

मुलं प्रायमरीत असतील तर दुपारचं जेवण सरकारी शाळेत सगळ्यांना फुकट, शाकाहारी असेल तर आधी सांगून ठेवा. सेंट फॅगन्सचं मोठं ओपन एअर म्युझियम फुकट, अख्खी जुनी घरं, चॅपल, दुकानं विटा-विटांनी उचलून तिथे आणून लावलीयत, रविवार मस्त जातो. १६ ते २५ वयाला रेलकार्ड ३५ पाउंड, दोन-तीन लांबच्या फेऱ्यांत वसूल. आणि एक लक्षात ठेवा, कार्डिफ ते बँगर ट्रेन चार तासांच्या वर घेते आणि मधे इंग्लंडातून जाते. उत्तर-दक्षिण जोडणी अशी का ह्यावर इथला कुठलाही माणूस अर्धा तास बोलू शकतो.

गाडी घेणार असाल तर भारतीय लायसन्सवर १२ महिने चालवता येते, पण इन्शुरन्सचा आकडा बघून बरेच जण बसनेच फिरतात. वस्तीतल्या रस्त्यांवर सप्टेंबर २०२३ पासून डीफॉल्ट लिमिट ताशी २० मैल, इंग्लंडात ३०. ह्याच्या विरोधात साडेचार लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या होत्या, त्यामुळे ऑफिसात विषय संपले की हा काढा.

इथली माणसं

पहिला नियम, वेल्श माणसाला इंग्लिश म्हणायचं नाही. २०२१ च्या जनगणनेत ५५ टक्के लोकांनी आपली राष्ट्रीय ओळख फक्त वेल्श अशी लिहिली, ब्रिटिशसुद्धा नाही. युनियन जॅकमध्ये वेल्सचं काहीच नाही, म्हणून लाल ड्रॅगनचा झेंडा इथे घरांवर, गाड्यांवर, टॅटूत सगळीकडे दिसेल.

हे नुसतं रग्बीपुरतं नाही. १९६५ साली ट्रवेरिन खोऱ्यातलं कापेल केलिन हे वेल्श बोलणारं गाव लिव्हरपूल शहराला पाणी पाहिजे म्हणून धरणाखाली घातलं, वेल्सच्या जवळपास सगळ्या खासदारांचा विरोध असताना. मुळशी सत्याग्रह माहीत असलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. अ‍ॅबरिस्टविथजवळ एका पडक्या भिंतीवर "ट्रवेरिन लक्षात ठेवा" असं वेल्शमध्ये रंगवलंय, ते आता सगळ्या वेल्सभर स्टिकरवर आणि भिंतींवर दिसतं. पुढच्याच वर्षी, २१ ऑक्टोबर १९६६ ला, अ‍ॅबरवान गावात खाणीच्या राडारोड्याचा डोंगर शाळेवर कोसळला आणि १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. कोळशाबद्दल सहज काहीतरी बोलून जाऊ नये ते ह्यासाठी.

आणि तुम्ही भारतातले म्हटल्यावर टाटांचा विषय निघणारच, विशेषतः स्वान्सीकडे. पोर्ट टॅल्बटचा पोलाद कारखाना २००७ पासून टाटांकडे, ३० सप्टेंबर २०२४ ला तिथली शेवटची ब्लास्ट फर्नेस बंद झाली, आता इलेक्ट्रिक भट्टी येणार आहे, पण गावातल्या सुमारे दोन हजार नोकऱ्या गेल्या. टाटांची बाजू मांडायला जाऊ नका, समोरच्याचे वडील तिथे कामाला असू शकतात. त्यापेक्षा क्रिकेट काढा, रवी शास्त्री इथल्या ग्लॅमॉर्गनकडून खेळलाय, जुन्या लोकांना अजून आठवतो, आणि २०१३ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीची सेमीफायनल आपण कार्डिफच्या सोफिया गार्डन्सवरच जिंकलोय.

रग्बीची मॅच असेल त्या दिवशी मात्र कार्डिफ सेंटरला घर शिफ्ट करणं, एअरपोर्टला निघणं, शॉपिंग, काहीही ठरवू नका. स्टेडियम शहराच्या मधोमध, चौऱ्याहत्तर हजार माणसं, रस्ते बंद, स्टेशनवर रांगा. फेब्रुवारी-मार्चचं सिक्स नेशन्सचं टाइमटेबल आधीच बघून ठेवा.

भाषेचं काय

कार्डिफ, स्वान्सी, न्यूपोर्टला वेल्श येत नाही म्हणून काही अडत नाही. देशात १७.८ टक्के लोकांना येते, पण ग्विनेदमध्ये ६४ टक्क्यांना, तिथे दुकानात आधी वेल्शच ऐकू येईल. तुम्ही आलात म्हणून मुद्दाम भाषा बदलली वगैरे काही नसतं, ती त्यांची रोजची भाषा आहे. टीव्ही चॅनेलसाठी ग्विनवोर एव्हन्स ह्या नेत्याने १९८० मध्ये आमरण उपोषणाची धमकी दिली तेव्हा थॅचरबाईंचं सरकार वाकलं आणि १९८२ ला वेल्श चॅनेल सुरू झालं, म्हणजे भाषा इथे आपोआप टिकलेली नाही.

कामापुरतं: रस्त्यावर "अराव" लिहिलेलं दिसलं की हळू, "हेदली" म्हणजे पोलीस, "अस्गोल" शाळा, आभार मानायला "डिओल्ख". बसमधून उतरताना ड्रायव्हरला "चिअर्स ड्राइव्ह" म्हणायचं, सगळे म्हणतात, न म्हणता उतरलात तर विचित्र वाटतं. मुलांना १६ वर्षांपर्यंत वेल्श शिकावंच लागतं आणि पूर्ण वेल्श माध्यमाची शाळाही निवडता येते, आईवडिलांना येत नसलं तरी. घरात मराठी, बाहेर इंग्लिश आणि शाळेत वेल्श, मुलं तीन भाषा सहज पेलतात, टेन्शन आपल्यालाच असतं. कौन्सिल किंवा सरकारी नोकरीच्या जाहिरातीत "वेल्श डिझायरेबल" लिहिलं असेल तर बिनधास्त अर्ज करा, "इसेन्शियल" असेल तर वेळ घालवू नका. १६ ते २५ वयाला सरकारी वेल्श क्लास फुकट आहेत.

शेवटची पायरी बहुतेक जण सोडतात

मतदान. कॉमनवेल्थ देशाचे नागरिक म्हणून भारतीय पासपोर्टवर, चालू व्हिसावर, अगदी विद्यार्थ्यालाही इथे मत देता येतं, कौन्सिलला, सेनेदला आणि वेस्टमिन्स्टरला, म्हणजे लंडनच्या संसदेलाही. कौन्सिल आणि सेनेदसाठी वय १६ पुरतं. मे २०२६ च्या निवडणुकीपासून सेनेदचे सदस्य ६० वरून ९६. राजकारणात रस नसला तरी नाव नोंदवा, कारण मतदार यादीत नाव असलं की क्रेडिट चेकमध्ये पत्ता पटतो आणि मोबाइल कॉन्ट्रॅक्ट, कार लोन सगळं जरा सोपं होतं. घर बदललं की परत नोंदवावं लागतं. अर्ज ऑनलाइन आहे, पाच मिनिटांचं काम, नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी घेऊन बसा.